किल्लेदारणीची उजवी मांडी

किल्लेदारीणबाई,

हे पाकीट हातात पडल्यावर तू ते आधी खिडकीपाशी नेलं असशील, उजेडात धरलं असशील आणि कुणी वाफेवर उघडून परत चिकटवलंय का ते न्याहाळलं असशील. नाही उघडलं कुणी. डिंक माझाच आहे. एक कोपरा सुटलाय तो माझी बोटं थरथरतात म्हणून.

तुझी गोष्ट मी लिहून काढली आहे आणि चारचौघींना वाचायला देणार आहे. ओरडू नकोस. तुझं नाव घातलेलं नाही, गावाचं नाही, इस्पितळाचंही नाही. पण मांडीला आग लागली की तिचं खापर गादीपासून सुनेपर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर फोडणारी बाई प्रत्येक गल्लीत एक तरी असते. तिच्या उपयोगाची गोष्ट आहे. ‘तू’ ‘तू’ करत सांगायला बसले तर तू दर वाक्याला तोंड घालशील, म्हणून इथून पुढे तू म्हणजे ‘ती’. आणि मी म्हणजे मास्तरीण, तू हाक मारायचीस तशी. ऐक आता गुपचूप.

ती इस्पितळाच्या कापडकोठीवर होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं, मधे घड्या घालायचं मोठं टेबल आणि टोकाला हातभर खिडकी. वॉर्डातली माणसं त्या खिडकीतून मळक्या चादरींची गाठोडी आत ढकलत आणि धुतलेल्या चादरी घेऊन जात. उशांचे अभ्रे, पडदे, शस्त्रक्रियेचे हिरवे डगले, सगळं तिच्या ताब्यात. कुणी चार चादरी मागितल्या की ती आधी मागणाऱ्याचा चेहरा बघायची आणि मग तीन द्यायची. “चौथी कशाला? चौथ्या खाटेवरचा माणूस सकाळीच घरी गेला. जिन्यात बघितला मी त्याला.” आणि खरंच गेलेला असायचा! तिची नजर पक्की होती. फक्त त्या नजरेला जिकडेतिकडे कुणी ना कुणी काही ना काही लांबवतानाच दिसायचं.

किल्लेदारीण हे नाव ठेवलं धुलाईखान्याच्या मुकादमाने, तिच्या चाव्यांवरून. कोठीच्या कपाटांच्या चाव्या, घरच्या कपाटाची, ट्रंकेची, फडताळाची, पत्र्याच्या डब्याची. शिवाय दोनचार अशा, की ज्यांची कुलपं कधीच भंगारात गेली होती, पण चावी भलत्याच्या हाती पडायला नको म्हणून ती बाळगून होती. हा सगळा जुडगा कामाच्या डगल्याच्या आत, अंगालगत, चामडी पट्ट्याला उजव्या बाजूने अडकवलेला. त्याला फ्लॅनेलची चिंधी गुंडाळलेली. “चाव्या वाजल्या की चोराला कळतं आपण कुठे आहोत ते,” असं तिचं म्हणणं. चिंधीतूनही कुरकुर ऐकू यायची, म्हणून पट्टा घट्ट. आणि कुणाबद्दल मनात काही आलं, की तिचा हात आपोआप डगल्यात जायचा आणि पट्टा एक भोक आत सरकायचा. तिला स्वतःलाही ते कळत नसे.

हे उगाच नव्हतं. दुधाने तोंड पोळलेली बाई होती ती. तरुणपणी तिच्या घरच्या चाव्या दारामागच्या खिळ्याला लटकत असायच्या, जगात सगळ्यांच्या असतात तशा. नवरा आजारी पडला, ती त्याच्या उशाशी बसून राहिली, आणि सगळं आटोपल्यावर पोराला कडेवर घेऊन घरी परतली तर कपाट आतून पुसून घेतल्यासारखं लख्ख. धाकटा दीर म्हणाला, “वहिनी, सांभाळायला नेलंय हो. तुमच्याच भल्यासाठी.” ते सांभाळलेलं तो आजही सांभाळतोच आहे. खिळा तिने त्याच दिवशी उपटला.

तर आग. पहिल्यांदा लागली ती कोठीच्या खिडकीशी उभी असताना. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताने झाकली जाईल एवढ्या जागेत. आधी मुंग्या आल्या, मग कुणी गरम इस्त्री टेकवल्यासारखं झालं. तिने हात लावून पाहिला तर कातडी बधिर, दुसऱ्या कुणाची असावी अशी. आणि डगल्याचं कापड नुसतं घासलं तर डोळ्यांत पाणी. बधिर आहे तर दुखतं कसं, आणि दुखतंय तर बधिर कशी? तिने हा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तरही तिथल्या तिथे दिलं: कुणीतरी काहीतरी केलंय.

पहिला संशय खुर्चीवर. कार्यालयातल्या कारकुनाने तिला नुकतीच नवी प्लास्टिकची खुर्ची पाठवली होती, न मागता. न मागता कुणी काही देतं का? खुर्ची व्हरांड्यात गेली, जुनं लाकडी स्टूल परत आलं. आग तशीच. मग संशय धुलाईच्या पावडरीवर. ती तडक तळघरात उतरली आणि भल्यामोठ्या यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवून मुकादमाला म्हणाली, “पावडर बदललीस ना?”

“बदलली. साहेबांनी बदलायला लावली.”

“माझ्या डगल्याला लागली ती. मांडी जळतेय माझी.”

मुकादम तिचा जुना खोडकर गडी. त्याने गळ्यातल्या पंच्याने तोंड पुसलं. “बाई, डगल्याच्या आत दोन मांड्या आहेत तुमच्या. पावडरीने एकच कशी निवडली? दुसरी काय सावत्र आहे?”

आजूबाजूचे हसले. तिने त्या दिवसापासून डगला घरी, हाताने, साध्या साबणाने धुवायला सुरुवात केली. आणि जिना चढून वर येईपर्यंत पट्टा एक भोक आत गेला होता, हे सांगायलाच नको.

शोध घ्यायची तिची पद्धत तशी शहाण्यासारखी होती. एकेक संशयित बाजूला करायचा, आग थांबते का बघायचं, नाही थांबली तर पुढचा धरायचा. पंख्याचा वारा बंद झाला. आंबट बंद झालं. जिना बंद झाला, मग लिफ्टही बंद झाली, कारण लिफ्टमध्ये लोक चिकटून उभे राहतात. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली होती आणि तिला ती मोठी सापडल्यासारखी वाटली. शेजारच्या मास्तरणीला तिने गॅलरीत बोलावून हळू आवाजात सांगितली.

“रात्री दुखत नाही.”

“बरं मग?”

“मग काय? रात्री सगळे झोपलेले असतात!”

मास्तरीण आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिने कपाळावर हात मारला. “अगं, झोपलेले म्हणून दुखत नाही? हे कुठलं शास्त्र?”

“माणसं जागी असली की दुखतं, झोपली की थांबतं. तूच सांग, कुणाचं काम असेल हे?”

घरात जागी असणारी माणसं दोनच, मुलगा आणि सून. मुलगा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत उलटा लटकलेला. त्याच्यावर संशय घेणं तिच्या जिवावर यायचं. राहिली सून. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या नाकाकानाला चौकट नीट बसवून द्यायची, काड्या वाकवायच्या, पुढचं मागचं सांभाळायचं. बोलायला मऊ, पण उत्तर गिळणारी नव्हे. या सुनेने सासूच्या पलंगावर नवी गादी टाकली आणि ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

“आई, जुन्या गादीत खड्डा पडला होता. तुमची कंबर धरायची ना, म्हणून आणली.”

“माझी कंबर धरत होती तर मांडी कशी पेटली?”

“रात्री तर दुखत नाही म्हणता. गादीवर तुम्ही रात्रीच असता.”

हे बिनतोड होतं, आणि बिनतोड बोलणारी सून अधिकच संशयास्पद. गादी गेली, खड्डा परत आला. मग सुनेने धुतलेले कपडे नकोत. मग सुनेने भरलेलं पाणी नको. जेवताना सासू ताट फिरवून घ्यायची, या बाजूचं त्या बाजूला. एकदा मुलाने ते पाहिलं. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि हात धुतला. त्यानंतर नवराबायको रोज संध्याकाळी कामावरून उशिरा यायला लागले, आणि मुकादमाच्या पुतण्याकडून बातमी कोठीपर्यंत पोचली: दोघं भाड्याने खोली बघत फिरतायत.

ती त्या दिवशी खिडकी लावून आत बसली. पोराला एकटीने वाढवला होता. तो गेला तर एवढी कुलपं कुणासाठी लावायची, हे तिच्याही मनात आलं असणार. पण ती ते कुणाला थोडंच सांगणार! मास्तरणीला एवढंच म्हणाली, “मला मांडीतला चोर सापडायलाच हवा. नाहीतर ही माझा पोरगा घेऊन जाईल.”

“तो तुझ्या जुडग्यातली चावी नाही, कुणी घेऊन जायला,” मास्तरीण म्हणाली. “चल, डॉक्टर गाठू.”

इस्पितळातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जायचं नाही, असं ठरलं. ओळखीचे लोक बोलतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला नसांच्या दुखण्याची एक तरुण डॉक्टरीण होती, तिच्याकडे गेल्या. प्रतीक्षेच्या खोलीत शिरल्या शिरल्या किल्लेदारीण मास्तरणीला कोपऱ्यात घेऊन गेली, भिंतीकडे तोंड केलं, डगल्यात हात घालून पट्टा सोडवला आणि जुडग्यासकट मास्तरणीच्या पिशवीत कोंबला. “पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही. आत तपासताना हा जुडगा कमरेला दिसला तर उद्या सगळ्या गावाला कळेल माझ्याकडे किती चाव्या आहेत.”

पिशवी अशी जड, की त्यात लहान मूल ठेवलंय असं वाटावं. गर्दी होती. दुपार कलली तेव्हा नंबर लागला.

डॉक्टरणीने कापसाचा बोळा फिरवला, मग टाचणीचं टोक टेकवलं, हातोडीने गुडघा उडवून पाहिला. मग म्हणाली, “मावशी, घाबरायचं कारण नाही. मांडीच्या बाहेरच्या कातडीला निरोप पोचवणारी एक बारीक नस असते. ती कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापाशी, चिंचोळ्या जागेतून खाली उतरते. तिथे दाबली गेली की मांडी अशी पेटते. दुखणं मांडीत नसतंच, वर असतं. कमरेला काही घट्ट बांधता का?”

“नाही.”

“पट्टा, कंबरपट्टा, अवजारांची पिशवी?”

“नाही म्हटलं ना. आणि मी तुमची मावशी कधीपासून?”

मास्तरीण बाहेर, पिशवीची राखण करत बसलेली. ती आत असती तर गोष्ट इथेच संपली असती. डॉक्टरणीने मान डोलावली, वजन थोडं कमी करा म्हणाली, फार वेळ उभं राहू नका म्हणाली, नस शांत व्हायला महिने लागतात म्हणाली, गोळ्या लिहून दिल्या, आणि यानेही थांबलं नाही तर कमरेपाशी एक सुई देऊन बघू म्हणाली. जाताना पुन्हा विचारलं, “आत्ता किती दुखतंय?”

ती चपापली. आत्ता दुखत नव्हतं. बराच वेळ दुखत नव्हतं.

बाहेर आल्यावर मास्तरणीला म्हणाली, “हाताला गुण आहे पोरीच्या.” पट्टा पिशवीतून कमरेला गेला. घरी पोचून दिवेलागणी होतेय तोवर आग पुन्हा हजर. ती म्हणाली, “बघितलंस? नमुना दाखवला. एका दुपारपुरतं थांबवायचं, म्हणजे माणूस परत परत येतं. दुकानदार जिभेला लावायला चिमूटभर देतात तसं!” गोळ्या तिने दोन दिवस घेतल्या. त्यांनी पेंग यायला लागली. पेंगणाऱ्या बाईच्या कमरेवरून काय वाट्टेल ते काढून नेता येतं. गोळ्या बंद.

मग तो रविवार आला. आंघोळीनंतर तिला वाकून पाय पुसता येईना, कापड लागलं की कळ. बाहेरून सुनेने विचारलं, “आई, येऊ का?” नाइलाजाने हो म्हणावं लागलं. सून आत आली, पाय पुसून दिले, आणि उठता उठता तिची नजर सासूच्या उजव्या कुशीवर पडली. कमरेच्या हाडाच्या टोकाशी एक लालसर खाच होती. कातडी काळवंडून राठ झालेली, आणि खाचेचा आकार हुबेहूब जुडगा अडकवायच्या आकड्याचा.

“आई, हे काय आहे?”

“काही नाही. सोड.”

“नाही, थांबा. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ना, डोकं दुखतंय, नंबर चुकलाय म्हणत येतं. नंबर बरोबर असतो. काडी कानामागे रुतत असते. रुततं एकीकडे, दुखतं भलतीकडे. माणूस कानावर कधीच संशय घेत नाही. तुमचा पट्टा—”

झालं! सासूने पंचा अंगाभोवती ओढला. “हां! आता आलीस वळणावर. गादी, पाणी, कपडे, सगळं करून झालं, आता सरळ चाव्याच माग ना. ‘आई, पट्टा सोडा.’ सोडते! मग तू आणि तुझा तो सांभाळणारा चुलतसासरा बसा वाटून घेत.”

सुनेने त्या चुलतसासऱ्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. ती पाण्याचं तांब्याभांडं जागच्या जागी ठेवून बाहेर गेली. मुलगा दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं.

“आई, खोली बघून ठेवलीय आम्ही. महिनाअखेरीला जातो. तुझी कपाटं तुला.”

ती तशीच ओल्या केसांनी मास्तरणीच्या दारात आली. बसायला सांगितलं तर बसेना. सगळं एका दमात सांगून झालं आणि शेवटी म्हणाली, “तूच सांग, चाव्यांवर डोळा आहे की नाही तिचा?”

मास्तरीण भांडी पुसत होती. तिने पुसायचं थांबवलं. “एक सांग. रात्री झोपताना पट्टा कुठे असतो?”

“उशीखाली. कुठे असणार?”

“आणि रात्री दुखत नाही.”

“नाही.”

“डॉक्टरणीकडे त्या दुपारी दुखलं नाही. तेव्हा पट्टा कुठे होता?”

मास्तरीण पुन्हा भांडी पुसायला लागली; उत्तर तिच्याकडूनच यायला हवं होतं.

“तुझ्या पिशवीत,” ती म्हणाली. मग लगेच, “म्हणजे तुझ्या पिशवीचा काही गुण असेल.”

“अगं बाई! काखेत कळसा म्हणतात तो हाच. सगळ्या गावाची झडती घेतलीस, खुर्ची हाकललीस, गादी हाकललीस, पोटच्या पोराला हाकलायला निघालीस. पट्ट्याची झडती घेतलीस का एकदा तरी?”

“पट्टा माझा आहे.”

“म्हणूनच.”

आता इथे एक बोललं पाहिजे. किल्लेदारीण हट्टी होती, पण मूर्ख नव्हती. तिने मानलं नाही, पण चाचणी घ्यायला ती तयार झाली. चोराला चोर म्हणायचं तर मुद्देमालासकट पकडायला हवा, हा तिचाच कायदा. तिने पट्टा सोडला, जुडगा त्यावरून काढला, कापडी पिशवीत घातला आणि पिशवी खांद्याला अडकवली. सोमवारी कोठीवर गेली. मुकादम म्हणाला, “बाई, आज बाजाराला निघाल्यासारख्या?” तिने लक्ष दिलं नाही. दिवसभर उभी राहिली. दुपारी मांडी कुरकुरली, पण पेटली नाही. पुढच्या दिवशी कुरकुरही कमी.

मग तिने जे केलं ते तिलाच सुचावं. तिने पट्टा मुद्दाम परत बांधला, नेहमीच्या भोकावर. घड्याळाकडे न बघता चादरींच्या घड्या घालत बसली. पहिलं कपाट भरत आलं तोवर मुंग्या आल्या, दुसऱ्याला हात लावला तोवर इस्त्री टेकली. तिने पट्टा सोडला, वाट पाहिली, आग उतरत गेली, लगेच नाही पण गेली. पुन्हा बांधला. पुन्हा पेटली. मुद्देमालासकट, दोनदा.

संध्याकाळी मास्तरणीला म्हणाली, “आहे खरा तोच.” तोंड असं, की सख्ख्या भावाला तुरुंगात टाकून आलीय.

पण पिशवीने नवीनच भानगड केली. वाकून गठ्ठे उचलायचे तर पिशवी पुढे येऊन आपटायची. कुणी मागून चालत आलं की हिचं कोपर पिशवीवर आवळलेलं. दोन दिवसांत खांदा आणि मान लाकडासारखी झाली. मांडीतली आग थांबली आणि धास्ती मात्र वर चढून मानेत बसली, असं मास्तरीण म्हणाली, तेव्हा ती रागावली. रागावली, पण रात्रभर त्यावर विचार केला असावा.

कोठीच्या चाव्या रोज फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे लोखंडी पेटीत ठेवून जायचा नियम तिथे पहिल्यापासून होता. तो सगळे पाळायचे, हिला सोडून. दुसऱ्या दिवशी तिने चाव्या पेटीत ठेवल्या. पेटीला स्वतःच्या पैशाने आणखी एक कुलूप लावलं, ती गोष्ट वेगळी. पहारेकरी म्हणाला, “बाई, मग या कुलपाची चावी कुठे ठेवणार?” तिला ते खरंच सुचलं नव्हतं. पहिल्यांदाच तिला स्वतःचं हसू आलं, असं पहारेकरी सगळ्यांना सांगत सुटला.

राहिल्या घरच्या चाव्या. महिनाअखेर अगदी तोंडावर आली होती. मधल्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवलेली, दोऱ्या नीट आवळलेल्या. त्या खोक्यांना वळसा घालून ती स्वयंपाकघरात गेली. सून पोळपाट धूत होती, मुलगा कसलासा स्क्रू शोधत होता. हिने फ्लॅनेलची चिंधी सोडली आणि जुडगा ओट्यावर ठेवला. इतक्या वर्षांत त्या घरात चाव्यांचा खणखणाट कुणी ऐकला नव्हता. मुलाने दचकून वर पाहिलं.

“घे,” ती सुनेला म्हणाली. “माझा काही विश्वासबिश्वास बसलेला नाही हं. मांडीचं औषध म्हणून देतेय.”

सुनेने हात पुसले. “औषध किती दिवस घ्यायचं?”

“डॉक्टरीण म्हणते, नस शांत व्हायला महिने लागतात.”

“मग महिनाअखेरीला कसं जाता येईल आम्हाला?” सून नवऱ्याकडे बघून म्हणाली. “औषध अर्धवट सोडायचं नसतं.”

मुलगा परत स्क्रू शोधायला लागला. खोक्यांच्या दोऱ्या दोन दिवस तशाच होत्या. तिसऱ्या दिवशी त्यातल्या एका दोरीवर पंचे वाळत घातलेले मास्तरणीने पाहिले.

मांडी अगदी पहिल्यासारखी झाली नाही. रुपयाएवढी जागा बधिरच राहिली, आणि फार उभं राहिलं की अजून मुंग्या यायच्या. पण इस्त्री परत टेकली नाही. पट्टा तिने मुकादमाला दिला, यंत्राचा झिजलेला पट्टा बांधायला उपयोगी पडेल म्हणून. त्याने तो भिंतीवर टांगला आणि खाली खडूने लिहिलं, ‘किल्ला पडला.’ ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

तर अशी ही गोष्ट, आणि आता परत तुझ्याशीच.

पुढचं तुला आणि मलाच माहीत आहे. चाव्या दिल्यास त्याच आठवड्यात तू गॅलरीत आलीस, इकडेतिकडे बघितलंस आणि माझ्या हातात पिठाची चाळण दिलीस. तुझीच चाळण. म्हणालीस, “मंगळवारी तिची सुट्टी असते. दुपारी घरी एकटी असेल. तू चाळण परत द्यायला म्हणून जा. जाताना कपाटाकडे बघ. वरच्या बिजागरीला मी केस अडकवून ठेवलाय. तो तुटलेला आहे का तेवढं सांग. बाकी काही नको.”

मी “बघू” म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांनाही कळायचं.

त्या मंगळवारी मी गेले नाही. दुपारभर घरात बसून होते, भिंतीपलीकडे तुझी सून गुणगुणत भांडी लावत होती, ते ऐकू येत होतं. कपाट उघडल्याचा आवाज आला की नाही, हे मी तुला आजही सांगणार नाही. संध्याकाळी तू कामावरून आलीस, माझ्या दारावरून गेलीस, एक क्षण थांबलीस. मला वाटलं, विचारशील. तू म्हणालीस, “भाजी काय केलीस?” बुधवारीही विचारलं नाहीस. त्यानंतर कधीच नाही. मुलाची बदली झाली, तिघं मिळून तिकडे गेलात, जाताना जुडगा सुनेच्या पर्समध्ये वाजत होता, तेव्हाही नाही.

का विचारलं नाहीस, हा संशय मला आता इतकी वर्षं छळतोय. तुला तिच्यावर भरवसा वाटायला लागला होता? की माझ्यावर नव्हता, आणि तू मध्येच घरी येऊन स्वतःच बिजागरी बघून गेलीस? तुझ्या बाबतीत दोन्ही शक्य आहे. लिहून कळव.

चाळण माझ्याकडेच आहे. जाळीला एका बाजूने भोक पडलंय, ते माझ्याकडे पडलं, आधीचं नव्हतं. नेऊन द्यायची राहिली.